कावळा शिवला, तर मग ही कोण?

१९ जानेवारी २०२५, सातारा

सृष्टी आज सांगलीला परत गेली. जाताना तिच्या बँकेची ही डायरी टेबलावर ठेवून म्हणाली, "पप्पा, बोलत नाही तर निदान लिहीत जा." मला लिहायची सवय नाही. कारखान्यात नोकरीभर तपासणी विभागात होतो. तिथे लिहिलं ते एवढंच, की हा भाग पास, हा नापास, आणि नापास का. इथेही तसंच लिहीन.

मालन या महिन्याच्या चार तारखेला गेली. माझी बायको.

दहाव्याला माहुलीला संगमावर पिंड ठेवला. झाडावर कावळे पुष्कळ होते, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. जिचा जीव ज्यात अडकला असेल त्याचं वचन द्यायचं, म्हणजे कावळा शिवतो. सृष्टी म्हणाली, "आई, पप्पांचं मी सगळं बघते." कावळे पंख साफ करत बसले. माझा भाऊ कडेगावच्या जमिनीचं काहीतरी बोलला. तरी नाही. मग मालनची धाकटी बहीण सुलाबाई, कवठे महांकाळची, पुढे आली आणि हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माले, तुजी शिरेल अर्धी ऱ्हायलीया. दाजी बघून सांगत्याल तुला शेवटापतूर. जा आता तू."

दोघं-तिघं हसले. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी काही बोललो नाही. घाटावर बोलायची ती गोष्ट आहे का? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

तो राग अजून गेलेला नाही. एवढा संसार केलेल्या बाईचा जीव एका भुताच्या मालिकेत अडकलाय, असं सख्ख्या बहिणीनं चारचौघांत म्हणावं?

२० जानेवारी

संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावला. बघायचा म्हणून नाही. घरात काही आवाज नव्हता म्हणून.

मालिकेचं नाव 'अवसेची सून'. इनामदार नावाच्या घरात दमयंती ही सून मेली आहे आणि भूत होऊन त्याच घरात राहते. ती फक्त सासूला दिसते. मालन हे दोन वर्षं बघत होती. मी त्या वेळी आतल्या खोलीत पेपर वाचत असे.

अर्ध्या तासात मला इतक्या चुका दिसल्या की मी उठून उभा राहिलो. दमयंती जिन्यावर होती तेव्हा बांगड्या हिरव्या, खाली उतरली तोवर लाल. सासूच्या हातातला चहा संपला होता, तो पुन्हा काठोकाठ भरला. भूत आरशात दिसत नाही असं सासू सुरुवातीलाच म्हणाली, आणि लगेच कपाटाच्या काचेत दमयंती स्वच्छ दिसली. शेजारी कुणाचं तरी कोपर पण होतं. हा माल बाहेर सोडला कुणी? आमच्याकडं केसभर जास्त कापलेला दांडा मी परत पाठवत असे, मग साहेब कितीही ओरडू दे.

मालिका चालू असताना मालनचा फोन कपाटात एकदाच वाजला आणि थांबला. पडद्यावर सुलाबाईचं नाव होतं. चुकून लागला असेल. हा त्या फोनचा जुनाच रोग आहे. संध्याकाळी एकदा वाजून बंद पडायचा. मागच्या वर्षी मी तो दुरुस्तीला दिला होता, तर दुकानदार म्हणाला, काही बिघाड नाही. त्यालाही काही येत नाही.

२१ जानेवारी

सकाळी फोटोपुढे दिवा लावला. नंतर काल काय काय झालं ते तिला सांगितलं. सुलाबाई म्हणाली म्हणून नाही. दिवा लावल्यावर नुसतं उभं राहणं मला जमत नाही.

खिडकी लावून घेतली होती. शेजारचे भाऊसो रोज त्या वेळी अंगणात व्यायाम करतात.

बांगड्यांचं सांगितलं नाही. हिरव्याच होत्या असं सांगितलं. चहाचं आणि काचेचं पण वगळलं. तिला नीट करून सांगितलेलं बरं.

३० जानेवारी

आज सासूच बदलली. खाली पट्टी आली, 'यापुढे ही भूमिका अमुक यांची', आणि काल होती त्यापेक्षा वीतभर उंच बाई देवघरातून बाहेर आली. तीच साडी, तेच डोरलं. मुलगा म्हणाला, "आई, जेवायला वाढ." मोठी सून म्हणाली, "आई, तुमची गोळी." कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी फार वेळ चिडून बसलो. घरातलं एक माणूस काल होतं ते आज नाही, आणि या लोकांना ताटावर बसल्यावरही कळत नाही? यांना डोळे आहेत का?

मालनला सांगताना पंचाईत झाली. शेवटी म्हणालो, सासूबाईंची तब्येत जरा सुधारलेली दिसते.

४ फेब्रुवारी

आज जे दाखवलं ते दाखवायला नको होतं.

दमयंतीचा दहावा दाखवला, मागची आठवण म्हणून. नदी, घाट, पिंड. सासू हात जोडून म्हणाली, "दमयंती, तुझ्या बाळाला मी सांभाळीन." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. कॉम्प्युटरवर केलेला. उडताना त्याची सावली उलट्या बाजूला पडत होती. आला, पिंडाला शिवला, गेला. गुरुजी हसले, सगळे हसले. आणि जाहिराती संपल्यावर दमयंती स्वयंपाकघरात भूत म्हणून उभी.

मी टीव्ही बंद केला.

कावळा शिवला म्हणजे बाई मोकळी झाली. तिचं काही राहिलं नाही, म्हणून तर तो शिवला. मग घरात फिरते ही कोण? आणि सगळ्यात चीड आली ती त्या सोपेपणाची. एक वाक्य बोललं, की आला कावळा. असं असतं का? माणसं दोन दोन तास उन्हात उभी असतात.

५ फेब्रुवारी

सकाळी दिवा लावला. कालचं काही सांगितलं नाही.

दुपारी वाहिनीला ईमेल पाठवला. तपासणीचा अहवाल लिहितात तसा लिहिला. काय दिसलं, काय असायला हवं होतं, आणि सुधारणा करून कळवावे. दोन मिनिटांत उत्तर आलं, "तुमच्या भरभरून प्रेमाबद्दल आभारी आहोत." मी प्रेम कुठं लिहिलं होतं?

११ फेब्रुवारी

भाऊसोंना बोललो. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत, ऐकून घेत नाहीत, लगेच हुकूम सोडतात. म्हणाले, "लिवून काय हुतंय नाना? आमच्या पुतण्याचं जेवणाचं कंत्राट हाय तितं. वाईच्या अलीकडं शूटिंग चालतंय. चला, तोंडावर विचारू."

त्यांच्या स्कूटरवर गेलो. इनामदारांचं घर म्हणजे एक फार्महाऊस आहे, पुढून घर आणि मागून पत्रा. दमयंती खुर्चीत बसून चष्मा लावून मोबाईल बघत होती. बारीक अंगाची मुलगी आहे. आम्हाला बघून उठली आणि म्हणाली, "बसा काका."

लेखक शौनक नावाचा पुण्याचा मुलगा. तिशीचा असेल. डोळे लाल, समोर थंड झालेला चहा. मी अहवालाची प्रत पुढे केली. त्यानं सगळी वाचली, हे मी मान्य करतो.

"काका, इतकं बारीक कोणी बघत नाही हो."

"माझी बायको बघायची."

"त्यांना आवडते का मालिका?"

भाऊसो म्हणाले, "वारल्या त्या. गेल्या म्हैन्यात."

त्यानं अहवालाची प्रत परत उचलली. मी म्हणालो, "बाकीचं राहू दे. कावळ्याचं सांगा. तो शिवला, मग ही घरात कशी?"

"ते असं झालं काका, दहाव्याचा प्रसंग वाहिनीनं ऐन वेळी मागितला. तोपर्यंत दमयंतीचं भूत दोन वर्षं चाललं होतं."

"मग कावळा शिवला नाही असं दाखवायचं."

"न येणारा कावळा दाखवायचा कसा? रिकामा पिंड किती वेळ दाखवणार? लोक चॅनेल बदलतात."

भाऊसो म्हणाले, "आवं, आमी बगितलाय की. ह्ये तितंच हुते." मी त्यांना हातानं गप्प केलं.

निघताना विचारलं, शेवट काय आहे. शौनक म्हणाला, वाहिनीनं मालिका गुंडाळायला सांगितलीय, पुढच्या महिन्यात बंद, शेवट अजून ठरलेला नाही. दोन वर्षं लोकांना रोज बसवून ठेवलं आणि शेवट माहीत नाही. मी हे त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मला पण बसवूनच ठेवलंय काका."

मग त्यानं माझा नंबर घेतला. टीव्हीवर गेलं ते गेलं, पण मोबाईलच्या ॲपवर भाग कायम राहतात, तिथलं कापता येतं. शिवाय पुढचं चित्रण सुधारता येईल. चूक दिसली की कळवा म्हणाला. परत येताना भाऊसो म्हणाले, "घ्या, लागली नोकरी परत."

२० फेब्रुवारी

रोज कळवतो. खरं सांगायचं तर फरक पडला आहे. बांगड्या आता पूर्ण भागभर एकाच रंगाच्या असतात. काचेवर त्यांनी पडदा लावला. ॲपवरच्या दहाव्याच्या भागातून कावळा काढून टाकला आहे. फक्त झाड दिसतं, मग नदी, मग घर. सृष्टीनं फोनवर ॲप कसं उघडायचं ते सांगितलं, तेव्हा तो भाग मी पुन्हा बघितला. मग मालनला तो सांगितला. झाड होतं, नदी होती, मग सगळे घरी आले.

आज चूक एकच होती, दाराची कडी. दमयंती भूत असून तिनं कडी काढली. भूत भिंतीतून जातं, हे यांनीच दाखवलेलं आहे. कळवलं. शौनकनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२ मार्च, कवठे महांकाळ

मालनच्या साड्या सुलाबाईला द्यायला आलो. विट्याला गाडी बदलली. सृष्टी म्हणत होती ती घेऊन जाईल, पण हे माझं काम.

सुलाबाईनं साड्या मांडीवर घेतल्या, एकेक उलगडली, परत घडी केली. बराच वेळ रडली. मग नाक पुसून भाकरी टाकायला बसली. जेवताना मी म्हणालो, दहाव्याला तुम्ही बोललात ते मला आवडलं नव्हतं. पण मी बघतोय ती मालिका. रोज सांगतो तिला.

तिचा हात तव्यावर थांबला. "काय सांगता?"

"काल काय झालं ते. चुका फार असतात, त्या वगळून, नीट लावून सांगतो."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग जी हसायला लागली, ती भाकरी करपली तरी थांबेना. पदरात तोंड घालून हसत होती. मला वाईट वाटलं.

"आवं दाजी," ती म्हणाली, "ती चुकाच धराया बघायची वो. गोष्ट कुनाला पायजे हुती? दमयंतीचं काय, कवाबी मरंना का. आमचं ठरल्यालं. चूक दिसली की मिस कॉल. जिचा आदी जाईल ती जिकली. लय पटाईत हुती माली. माजं बटान दाबूस्तवर तिचा आल्याला असायचा."

मी म्हणालो, जानेवारीत एकदा तिचा फोन वाजला होता.

"सवयीनं मारला. बांगड्या बदलल्या तवा. दाबला आन मग ध्यानात आलं." थोड्या वेळानं म्हणाली, "मग तेवढी भाकरी तशीच टाकून उटले मी."

दोन वर्षं संध्याकाळी तो फोन वाजत होता आणि मी तो दुरुस्तीला घेऊन फिरत होतो. मालननं तो दुकानातून गपचूप परत आणला होता. एका शब्दानं बोलली नाही. मी म्हणालो, मला सांगायला काय झालं होतं? मी तर जन्मभर चुका काढायचंच काम केलं. मला का नाही बोलावलं बघायला?

सुलाबाई भाकरी फुगवत म्हणाली, "तुमी दार लावून पेपर वाचायचा. आन दाजी, राग मानू नका, पर चूक दिसली की तुमी हसत न्हाई. चिडता. तिला हसायचं असायचं."

मी जेवत राहिलो. ती पुढं म्हणाली, "आन आता तर बगन्यात बी राम ऱ्हायला न्हाई. पंधरा दिस झालं, चुकाच करंनात मेले. कुनी नवा मानूस आनलाय वाटतं. त्याचं तळपट हो."

मी ताक मागून घेतलं.

३ मार्च

एसटीत रात्रभराच्या जागरणासारखं डोकं जड होतं. म्हणजे सव्वा महिना मी मालनला त्या मालिकेतून तिला नको होतं तेवढंच काढून सांगत होतो. पाहिजे होतं ते सगळं नापास म्हणून बाजूला टाकलं.

चूक माझी आहे असं मला वाटत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात राहणाऱ्या माणसाला सांगू नये आणि कवठ्याला फोन करावा, हे मला अजूनही पटत नाही.

घरी आल्यावर दिवा लावला तेव्हा मी हे तिला बोललो. जरा मोठ्यानं बोललो.

६ मार्च

शौनकचा मेसेज: "काका, तीन दिवस काहीच नाही? तब्येत बरी ना?" कणकण आहे असं कळवलं. कणकण नाही.

मी कळवणं सोडून दिलं तशा चुका परत आल्या. आज दमयंतीचा नवरा डाव्या हाताला पट्टी बांधून आत गेला आणि उजव्या हाताला पट्टी घेऊन बाहेर आला. मी हसायचा प्रयत्न केला. आलं नाही. चीडच आली.

तरी मालनला सांगितलं. डावा हात, मग उजवा. सांगून झाल्यावर काय करायचं ते कळेना, म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

१५ मार्च

आज शेवटचा भाग. भाऊसो पण बघायला आले. म्हणाले, एवढं पेट्रोल जाळलं, शेवट तरी बघू.

दमयंती मोकळी झाली. सासूनं माफी मागितली, बाळाला जवळ घेतलं, दमयंती पांढऱ्या उजेडात उंबरा ओलांडून गेली. भाऊसोंनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, धुरळा लय हाय तुमच्या घरात. मी काही पुसलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की उंबऱ्यावरची रांगोळी अर्धी पुसलेली होती, आणि ती गेल्यावर पुरी झाली.

नंतर घरात सत्यनारायण. सगळे इनामदार बसलेले, गुरुजी, आरती, प्रसाद. कॅमेरा सगळ्यांवरून फिरला. मागच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, चष्मा लावून एक मुलगी द्रोणातला शिरा खात होती. बोटं चाटत होती.

दमयंती.

तिचं काम संपलं असणार, प्रसाद घेतला असणार, आणि कॅमेरा आपल्याकडं वळतोय हे तिला कुणी सांगितलं नसणार. एका क्षणापुरतीच दिसली. भाऊसोंना कळलं नाही. मी काही बोलायच्या आत माझा फोन एकदा वाजला आणि थांबला. सुलाबाई.

१६ मार्च

सकाळी मालनला शेवट सांगितला. सुलाबाईनं सांगितलं होतं शेवटापर्यंत, म्हणून पूर्ण सांगितला. आधी नीट सांगितलं. माफी, बाळ, उजेड, उंबरा. सगळे म्हणाले ती गेली. मग म्हणालो, पण गेली नव्हती, मालन. आत बसून शिरा खात होती. चष्मा लावून.

हे बोलताना मला हसू आलं. मोठं नाही. पण थांबवता येईना, आणि नंतर ते हसू राहिलं नाही, दुसरंच काही झालं. बराच वेळ मी तिथेच बसून होतो. दिवा विझला होता, तो परत लावला.

अकराच्या सुमाराला शौनकचा फोन आला. आज संध्याकाळी शेवटचा भाग ॲपवर जाणार, म्हणाला. "काका, शेवटची तपासणी. काही राहिलंय का? तुम्ही सांगाल ते कापतो. मग तो भाग कायमचाच."

मी विचारलं, त्यानं स्वतः बघितला का. म्हणाला, चार वेळा, आता डोळ्यांपुढं काही दिसत नाही.

माझ्या समोर कागद होता. रात्रीच लिहून ठेवला होता, सवयीनं. सत्यनारायणाचा प्रसंग, मागचा कोपरा, खांबाजवळ, मोकळी झालेली व्यक्ती उपस्थित. सुधारणा: काढून टाकावी.

"काका? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग? काही चूक?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. कुणाला काढू नका."